समजल्याची पताका

१

आमच्या घरात धीर कुणाच्याच वाट्याला फारसा आला नाही, आणि माझ्या वाट्याला तर मुळीच नाही. समोरचा वाक्याच्या मध्यावर असतानाच माझं "समजलं, समजलं" सुरू होतं. आई म्हणायची, ही पोरगी पाणी उकळायच्या आधीच चहा गाळते. अशा बाईला नोकरी कुठे लागावी, तर जिथे "दिसलं" आणि "समजलं" या दोन वेगळ्या गोष्टी मानतात तिथे.

बंदराच्या तोंडाशी बावट्यांचा मनोरा आहे. एकसष्ट पायऱ्या, वर एक चौकोनी खोली, चारी बाजूंना खिडक्या. एका भिंतीला लाकडी कपाट, त्यात चाळीस खण आणि प्रत्येक खणात गुंडाळून ठेवलेला एक बावटा. खोलीला जाड कापडाचा आणि खाऱ्या हवेचा वास येतो. गच्चीवर डोलकाठी, तिला कप्प्या, कप्प्यांतून खाली आलेल्या दोऱ्या. वारा असला की त्या दोऱ्या दिवसभर काठीवर टकटक करत राहतात. पहिल्या आठवड्यात त्या आवाजाने माझं डोकं उठायचं. पुढे पुढे तो थांबला की मी दचकायला लागले.

हल्ली सगळं रेडिओवर चालतं हे मलाही ठाऊक आहे. पण या बंदराचा जुना नियम असा, की जहाजाने बावटा दाखवला तर त्याला मनोऱ्यावरून बावट्यानेच उत्तर द्यायचं. लोक विचारतात, कशाला ही नाटकं? मी म्हणते, फोनवर आमंत्रण दिलेलं असलं तरी दारात आलेल्याला "या" म्हणावंच लागतं. खरं सांगायचं तर मला हे काम वेड्यासारखं आवडायचं. नुसता पिवळा बावटा म्हणजे जहाजावर सगळे ठणठणीत आहेत, आत येऊ द्या. निळ्यात पांढरा चौकोन म्हणजे आम्ही निघतोय, ज्याला चढायचं असेल त्याने चढून घ्या. एवढंसं फडकं, आणि त्यात अख्खं वाक्य. एकमेकांची भाषा न येणारी माणसंसुद्धा बोलतात, आणि कुणी कुणाचं बोलणं मध्येच तोडू शकत नाही.

या सगळ्यात मानाची आमची जबाबी पताका. लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांची, टोकाकडे निमुळती होत गेलेली. जहाजाने काही दाखवलं की ती आधी अर्ध्या काठीपर्यंत चढवायची. म्हणजे, तुमचा बावटा दिसला. मग त्याचा अर्थ नीट लावायचा, काय करायचं ते ठरवायचं आणि मगच पताका टोकाला न्यायची. म्हणजे, समजलं. तिकडे जहाज आपला बावटा उतरवतं आणि बोलणं संपतं. पताका टोकाला जाईपर्यंत सांगणारा थांबून राहतो, असा हा शिष्टाचार आहे.

माझ्या आधी अठ्ठावीस वर्षं हा मनोरा बाबा सांभाळायचे. डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी सोडला. मी रुजू झाले त्या सकाळी त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, की पताका अर्ध्यावर ठेवायची लाज वाटू देऊ नकोस. न समजता समजलं म्हणणं ही या कामातली एकच मोठी चूक, बाकी सगळं दोरी ओढून दुरुस्त होतं.

"आणि अजून एक," ते म्हणाले. "पाच-सात वर्षांतून कधीतरी बाहेर एक जहाज—"

"समजलं, बाबा," मी म्हणाले, कारण पावणेआठ वाजले होते आणि माझा दुसरा बूट सापडत नव्हता.

२

ज्या दिवसाबद्दल सांगतेय त्या दिवशी माझे पाय सकाळी सहापासूनच जमिनीवर नव्हते. धाकट्याचा, म्हणजे माझ्या भावाचा, परीक्षेचा निकाल होता. तो बंदराचा पायलट होणार होता. पायलट म्हटलं की लोकांना विमान दिसतं. शेजारच्या काकू तर त्याला, आम्हाला खिडकीजवळची जागा मिळवून देशील ना, असं विचारून गेल्या होत्या. बंदराचा पायलट म्हणजे छोट्या बोटीतून बाहेर जाऊन, आलेल्या जहाजावर दोराच्या शिडीने चढणारा आणि ते जहाज आतल्या वाटेने सुखरूप धक्क्याला लावणारा माणूस. जहाज कितीही मोठं असो, कप्तान कितीही मुरलेला असो, इथली वाट त्याला ठाऊक नसते. आणि आमच्या बंदराची वाट तर महावाकडी. पायलट मिळाला नाही तर जहाज बाहेरच थांबून राहतं.

धाकट्याकडून ती वाट मी पाठ करून घेतली होती, चार महिने, रोज जेवणं झाल्यावर. लहानपणी आम्ही हाच खेळ खेळायचो. फरशीवर चपला पसरायच्या, चपला म्हणजे खडक, आणि हा खोक्यात बसून सरकत सरकत त्यातून वाट काढायचा. आता चपलांच्या जागी नकाशा आला होता आणि बोये, म्हणजे वाटेच्या खुणेला पाण्यात नांगरून ठेवलेले तरंगते पिंप, एवढंच. डोळे मिटून, डाव्या हाताच्या बोटांवर मोजत तो घडाघडा म्हणायचा, "एक, बाहेरचा लाल-पांढरा बोया. दोन, कारखान्याची चिमणी आणि पाण्याची टाकी एका रेषेत धरायची. तीन, हिरवा बोया उजव्या हाताला ठेवून वळण. चार, बुडालेल्या बार्जचा खांब, त्याच्यापासून लांब. पाच, वाळूचा पट्टा, भरती असेल तरच. सहा, बांधाचं तोंड. सात, धक्का." मग डोळे उघडून माझ्याकडे बघायचा, शाबासकीसाठी.

आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि मी सतरा. त्याच्या शाळेच्या डब्यापासून दाढीच्या पहिल्या ब्लेडपर्यंत सगळं मीच बघितलं. त्यामुळे परीक्षा त्याची असली तरी धास्ती माझी होती. पास झाला तर त्याच दुपारी दोन वाजता धान्याचं जहाज आत आणायचं होतं, ते त्याचं पहिलं जहाज. मी सगळे बावटे दोनदा झटकून परत गुंडाळले आणि तरी घड्याळात नऊसुद्धा वाजले नव्हते.

३

साडेनऊच्या सुमारास पश्चिमेच्या खिडकीतून मला ते दिसलं. बाहेरच्या बोयाच्याही पलीकडे एक जहाज उभं होतं. जुनं, उंच धुरांड्याचं, रंग विटलेलं. नाव असतं त्या जागी नुसता रंगाचा एक पट्टा. आणि काठीवर पिवळ्या-निळ्या उभ्या पट्ट्यांचा बावटा, म्हणजे, मला पायलट हवा.

मी लगबगीने पताका अर्ध्यावर चढवली आणि खालच्या मजल्यावर फोन लावला. तिथे रेडिओवाले काका बसतात. गुडघ्यांमुळे ते वर येत नाहीत आणि पायऱ्यांच्या कंटाळ्याने मी खाली जात नाही, त्यामुळे आमची मैत्री फोनवरची. काका म्हणाले की स्क्रीनवर काहीच नाही. दोनच्या धान्याच्या जहाजापर्यंत कुणी येणारही नाही. मी म्हटलं, काका, चष्मा पुसा. ते म्हणाले, पुसला, आता तू तुझी दुर्बीण पूस.

मी खरंच पुसली. जहाज होतंच. मात्र एक गोष्ट खटकली. आमच्या डोलकाठीवरचं सगळं उजवीकडे फडकत होतं आणि त्याचा बावटा डावीकडे. मी मनाशी म्हटलं, बाहेर समुद्रावर वारा वेगळा असू शकतो. मग बघितलं तर त्याच्या शेजारी मासेमारीच्या दोन होड्या होत्या आणि त्यांची फडकी उजवीकडेच होती. म्हटलं, उंचीवर वेगळा असेल. माझं डोकं अशा वेळी फार चांगलं चालतं, कशालाही कारण सापडतं. स्क्रीनवर दिसत नाही कारण जुन्या जहाजाचं यंत्र बंद पडलेलं असणार. नाव नाही कारण रंगकाम अर्धवट राहिलं असणार.

अर्थ समजलेला असूनही पताका मी वर नेली नाही. पायलटच्या बाबतीत "समजलं" म्हणजे "पाठवतो" असं धरतात, आणि कोण जाणार हे ठरल्याशिवाय तसं कबूल करायचं नसतं. तेव्हा पताका अर्ध्यावर राहिली आणि जहाज थांबून राहिलं. त्याने ना भोंगा वाजवला, ना रेडिओवर हाक दिली. इतकं सभ्य जहाज मी बघितलं नव्हतं. दीड तास ते एकाच जागी होतं आणि लाटांवर हलतसुद्धा नव्हतं.

४

अकराला फोन वाजला. "ताई, झालो," एवढंच तो म्हणाला आणि रडायला लागला. मग मीही. मग दोघं हसायला लागलो. पायलटचं जाकीट मिळालंय, तो म्हणाला, थांब, तुला दाखवायला येतो.

फोन ठेवून मी त्या खोलीत गोल गोल फिरले. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं, आणि समोर फक्त ते जहाज होतं, दीड तास पायलट मागत थांबलेलं. मला आवरेना. मी गच्चीवर धावले, दोरी सोडली आणि पताका सरसर टोकाला नेली. हवाय ना पायलट? आहे आमच्याकडे, ताजा, आत्ताच पास झालेला. असं मी मोठ्याने म्हणालेसुद्धा.

पताका वरच्या कप्पीला टेकली आणि त्याच क्षणी तिकडचा बावटा खाली आला. एरवी जहाजावर कुणीतरी दुर्बिणीतून बघतं, कुणाला तरी सांगतं, मग कुणीतरी दोरी सोडतं, यात मिनिटभर तरी जातं. इथे माझी दोरी आणि त्यांची दोरी जणू एकच होती. आणि दोऱ्यांची टकटक थांबली. वारा होता, माझे केस तोंडावर येत होते, पण काठीवर काही वाजत नव्हतं.

मग तिकडे दुसरा बावटा चढला. अर्धा पांढरा, अर्धा लाल. जहाजावर पायलट आहे.

मला हसू आलं. म्हटलं, वेंधळ्यांनी चुकीचा खण उघडला. तरी पायलटांच्या खोलीत फोन केला. आमच्या बंदराला तीन पायलट. तिघेही तिथेच होते, दोघे पत्ते खेळत होते आणि तिसऱ्याचं घोरणं मला फोनवर ऐकू येत होतं. आज सकाळपासून कुणीही बोटीत पाय ठेवलेला नव्हता. चौथ्याची पावलं जिन्यावर वाजत होती, एकेक सोडून दोन-दोन पायऱ्या घेत.

५

धाकटा आत आला तो नव्या जाकिटात, घामाघूम, हातात बिस्किटांचा पुडा. मी त्याला मिठी मारली, जाकिटाची कॉलर नीट केली, पाठीवर दोन धपाटे घातले. बिस्किटं खाता खाता तो परीक्षेची गंमत सांगत होता. परीक्षकांनी वाट मध्येच तोडून उलटी विचारली होती आणि यानेही ती धक्क्यापासून बाहेरपर्यंत उलटी म्हणून दाखवली होती. मला इतका आनंद झाला की जहाज मी विसरूनच गेले. त्यानेच ते बघितलं.

"हे कुठलं गं? काय रुबाबात येतंय."

म्हणजे ते त्यालाही दिसत होतं, हे मला आधी बरं वाटलं. मग "येतंय" हा शब्द ध्यानात आला. जहाज चालू लागलं होतं. धुरांड्यातून धूर नव्हता, पण लाल-पांढरा बोया आता त्याच्या मागे गेला होता.

हे असं अवघड काही नसतं, तो म्हणाला, वाट माहीत असली की झालं. आणि सवयीने डोळे मिटून त्याने डावा हात वर केला. "एक..." तो थांबला. "दोन, कारखान्याची चिमणी आणि पाण्याची टाकी एका रेषेत धरायची. तीन..."

एक राहिला, मी म्हणाले.

एक काय, त्याने विचारलं. मी म्हटलं, बाहेरचा बोया, अजून काय. त्याला वाटलं मी त्याची फिरकी घेतेय. हसत हसत त्याने माझ्या बोटाच्या दिशेने बघितलं आणि मग डोळे बारीक केले.

"अरे हो की," तो म्हणाला. "हा कधी टाकला?"

तो बोया आमच्या बाबांच्या लग्नाच्या आधीपासून तिथे आहे. मी म्हटलं, परीक्षेचा शीण आहे, चार रात्री झोपला नाहीस. हे कारणही मला लगेच सापडलं. त्याला मी पाणी दिलं आणि परत म्हणायला लावलं. तेवढ्यात जहाज इंचभरही न चुकता चिमणी आणि टाकीच्या रेषेत आलं. धाकट्याने पहिलं बोट मिटलं आणि सुरुवात केली ती थेट हिरव्या बोयापासून.

६

मी बाबांना फोन लावला. मी सगळं सांगितलं, जहाज, बावटा, अर्ध्यावरची पताका. बाबा मध्ये हूं-हूं करत ऐकत होते.

"अर्ध्यावरच आहे ना अजून?" त्यांनी विचारलं.

मी गप्प बसले. आयुष्यात फार कमी वेळा गप्प बसलेय मी, त्यामुळे त्यांना कळलं.

"धाकटा कुठे आहे?" ते म्हणाले.

इथेच, माझ्याजवळ, मी म्हटलं. बाबा म्हणाले की त्यांच्या वेळी ते जहाज चारदा आलं होतं. चारही वेळा त्यांनी पताका अर्ध्यावर ठेवली आणि संध्याकाळी ते निघून गेलं. त्यांच्या आधीच्या माणसानेही तसंच केलं होतं. मी ओरडले की का, ते तरी सांगा. "मला समजलंच नव्हतं, म्हणून," बाबा म्हणाले. "पायलट हवा, हे समजलं होतं. कोणाला हवा ते समजलं नव्हतं. मग समजलं कसं म्हणणार?" मग म्हणाले, "त्याला बोलतं ठेव. मी निघतो." ज्यांना दारातली पायरी दिसत नाही ते बाबा.

मी आधी सुचलं ते केलं. गच्चीवर जाऊन पताका पुन्हा अर्ध्यावर आणली. जहाजाचा वेग कमी झाला नाही. एकदा समजलं म्हटल्यावर न समजल्याचं सोंग कोण खपवून घेणार. मग मी खण उपसले आणि पिवळ्या-काळ्या चार चौकोनांचा बावटा काढला. त्याचा अर्थ, तुमचं जहाज ताबडतोब थांबवा. घाईत गाठ तीनदा सुटली. तो बावटा मी टोकापर्यंत चढवला आणि दुर्बीण डोळ्यांना लावली.

जहाजाने उत्तर दिलं. लाल-पांढरी पताका त्याच्या काठीवर सावकाश चढली आणि अर्ध्यावर थांबली. दिसलं, पण समजलं नाही. आणि हिरवा बोया उजव्या हाताला ठेवून, अगदी जसा ठेवायचा तसा, ते वळलं.

७

"धाकट्या, दोन वाजता कुठे जायचंय तुला?" मी विचारलं.

तो म्हणाला, दोन वाजता? काही आहे का? जाकिटाच्या बाहीवरून तो हात फिरवत होता, दुकानात कपडा बघावा तसा. मी त्याचा हात धरला आणि त्याला जिन्याकडे ओढलं. म्हटलं, चल, घरी जाऊ, बाबा वाट बघतायत. त्याने हात सोडवून घेतला, रागाने नव्हे, लहान मुलं जत्रेत सोडवतात तसा. "थांब ना, बघू दे. किती सुंदर येतंय ते."

मग मी त्याला बोलतं ठेवलं. शाळेत कोणत्या बाकावर बसायचास? तो म्हणाला, शेवटून दुसऱ्या. पहिल्यांदा दाढी केलीस तेव्हा कुठे कापलं? हनुवटीला, तो म्हणाला आणि हनुवटी चाचपली. मी प्रश्नांमागून प्रश्न विचारत होते, उत्तर पुरं व्हायची वाट बघत होते, एकदाही मध्ये तोडलं नाही. खाली, बुडालेल्या बार्जचा खांब जहाजाच्या आड गेला. फरशीवर कशाचे खडक करायचो आपण? तो विचारात पडला. जहाज खांबापासून लांब, अगदी बरोबर लांब, सरकत होतं. आई तुला काय म्हणून हाक मारायची?

"कोण?" तो म्हणाला.

मला त्याच्यासमोर रडायचं नव्हतं म्हणून मी दुर्बीण लावली. जहाज आता वाळूच्या पट्ट्यावर होतं, इतकं जवळ की दुर्बीण लागलीच नसती. कठड्याला लागून माणसं उभी होती. बायका, पुरुष, पुष्कळ. प्रत्येकाच्या हातात सामान होतं आणि सगळे किनाऱ्याकडे तोंड करून अगदी शांत उभे होते. फार वेळ थांबलेली माणसं दार उघडताना जशी उभी राहतात तशी. त्यांचे चेहरे मला दिसले नाहीत. दिसले नाहीत असंच मी म्हणणार. वर, सुकाणूच्या खोलीबाहेरच्या सज्जात, एक जण पाठमोरा होता. त्याने नवं जाकीट घातलं होतं. डावा हात वर धरून तो बोटांवर काहीतरी मोजत होता. चार बोटं मिटली होती. मी बघत असतानाच त्याने पाचवं मिटलं आणि मान वळवायला सुरुवात केली.

मी दुर्बीण खाली टाकली. तिची काच फुटल्याचा आवाज त्या खोलीत फार मोठा वाटला, कारण दुसरा कुठलाच आवाज नव्हता. ना दोऱ्यांचा, ना लाटांचा, ना एवढं मोठं जहाज अंगावर येत असताना त्याच्या इंजिनाचा.

८

रेडिओवाल्या काकांचा फोन आला. स्क्रीन कोरी आहे, ते म्हणाले, पण धक्क्याला बांधलेल्या होड्या एकदम हेलकावे खायला लागल्यात, तुला वरून काही दिसतं का? मी काय सांगणार होते. त्यांना म्हटलं, काका, तिथून निघा आणि पळत घरी जा. ते हसले आणि म्हणाले, या गुडघ्यांनी?

खोलीत अंधारून आलं. बाहेर टळटळीत दुपार होती, पण बांधाच्या तोंडातून जहाज आत शिरत होतं आणि त्याची उंच बाजू पश्चिमेच्या खिडकीवरून सरकत चालली होती. विटलेला रंग, खिळ्यांच्या रांगा, नावाच्या जागचा तो पट्टा. हात लांब केला असता तर लागला असता. सहा, मी मनात म्हटलं. मला थांबवताच येत नव्हतं. त्या वाटेतला प्रत्येक टप्पा मीच त्याच्याकडून घोकून घेतला होता आणि तो एकही चुकत नव्हता. खोटं कशाला बोलू, त्या भीतीतसुद्धा मला क्षणभर त्याचं कौतुक वाटलं, आणि त्या कौतुकाची मला अजून लाज वाटते.

धाकटा काचेला कपाळ टेकवून उभा होता. त्याचा श्वास काचेवर उमटत होता, गाल लाल झाले होते, डोळे चमकत होते. पास झाल्याचं सांगायला आला तेव्हा होता तसाच, तितकाच आनंदात. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. जाकिटातून त्याची ऊब लागली. मला वाटलं, हात काढला नाही तर कदाचित काही होणार नाही.

जहाज थांबलं. कुठेही न धडकता, न घासता, धक्क्याला लागलं. इतकं हळुवार तर आमचे तिघेही पायलट लावत नाहीत. शिडी उतरल्याचा आवाज आला. आणि मग खालून, मनोऱ्याच्या पायथ्याशी उभं राहून, कुणीतरी मोठ्याने, हसऱ्या आवाजात हाक मारली.

"ताई."

त्या आवाजाला मी वीस वर्षं ओ देत आलेय. माझ्या घशापर्यंत ओ आली होती.

धाकट्याने वळून माझ्याकडे बघितलं. पाठीवरचा माझा हात त्याला आत्ताच जाणवला असावा. तो संकोचून जरा बाजूला झाला, खिडकीपाशी मला जागा करून दिली आणि मोठ्या अदबीने, आनंदाने म्हणाला,

"तुम्हालाच बोलावतायत वाटतं. तुमचं कुणी आहे का त्या जहाजावर?"